सुट्टीत मेस बंद राहील

मागील सत्रात आमच्या प्राध्यापक सभेत विषयपत्रिकेवर एक विषय होता: 'समुपदेशक नेमणेबाबत'. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल जी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली, त्यांत शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने निदान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, असे सांगितले आहे. सभेत कोणाचाच विरोध नव्हता. खोली कोणती द्यावी, पाटी कोणत्या भाषेत लावावी (हा आपल्याकडचा नेहमीचा प्रश्न!) यावर वीस मिनिटे गेली. मग मी विचारले, "आपल्या वसतिगृहात दोन-तीन परदेशी मुले आहेत, त्यांचे काय?" एक ज्येष्ठ सहकारी हसून म्हणाले, "सर, नेपाळी मुलांना परदेशी म्हणता होय? आणि समजा म्हटले, तरी त्यांना वेगळे कशाला हवे? आपल्या मुलांना जे मिळते ते त्यांना मिळेल." सर्वांनी माना डोलावल्या. मलाही त्या वेळी उत्तर सुचले नाही.

उत्तर सुचायला मला मलाजखंडला यावे लागले. दिवाळीच्या सुट्टीत आईकडे आलो आहे आणि हा लेख येथेच लिहीत आहे. संपादकांनी तीनदा आठवण केली होती, त्यांची क्षमा मागतो.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांना मलाजखंड ठाऊक नसेल. मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्यात, बैहरच्या पुढे, साल-सागाच्या रानात तांब्याची मोठी खाण आहे. हिंदुस्थान कॉपरचा हा प्रकल्प १९८२ साली सुरू झाला. आमच्या लहानपणी ती उघडी खाण होती. जमिनीत पायऱ्या-पायऱ्यांचा प्रचंड खड्डा आणि तळाशी मुंगीएवढे दिसणारे डंपर. आता भूमिगत खाणकाम चालते. वडील नोकरीसाठी आले तेव्हा वसाहतीत कोण नव्हते? घाटशिलाहून आलेले बंगाली आणि उडिया, खेत्रीहून आलेले राजस्थानी, तेलुगू, बिहारी आणि आजूबाजूचे गोंड-बैगा. आई गडहिंग्लज तालुक्यातली. घरात मराठी, शेजारणीशी कानडी, अशी वाढलेली. इथे तिला दोन्ही भाषा निरुपयोगी झाल्या. पहिले वर्षभर ती दुपारी दार लावून बसत असे, हे तिने मला फार उशिरा सांगितले.

बारावीनंतर मला मामाच्या भरवशावर सीमाभागात शिकायला पाठवले. मामाचे घर खेड्यात, म्हणून मी वसतिगृहात राहिलो. ते गाव आणि ती संस्था कोणती, हे सांगण्याचे येथे प्रयोजन नाही. तशा संस्था तेव्हा सगळीकडे होत्या.

१९९० ची दिवाळी. वसतिगृहाच्या फळ्यावर नोटीस लागली: 'सुट्टीत मेस बंद राहील.' आम्हा मुलांना ती नोटीस म्हणजे आनंदाची वार्ता. ट्रंका बांधल्या, रिकाम्या झाल्या खोल्या. माझ्या शेजारच्या खोलीत सोमालियाचा एक मुलगा होता. हर्गेसा शहरातला, उंच, शांत, गणितात माझ्यापेक्षा कितीतरी हुशार. आम्ही त्याला घमेंडखोर समजत असू, कारण तो मेसमध्ये एकटा जेवी आणि खोलीचे दार लावून घेई. मी निघालो तेव्हा तो बादली घेऊन नळाकडे चालला होता. सहज विचारले, "तू कुठे जाणार?" तो म्हणाला, "इथेच." "आणि जेवण?" त्याने खांदे उडवले. रेक्टरच्या, मेसवाल्याच्या वा प्राचार्यांच्या डोक्यात हा प्रश्न आलाच नव्हता. त्यांत कोणी दुष्ट नव्हते. वसतिगृहातल्या प्रत्येक मुलाला जाण्यासाठी घर असते, एवढे त्यांनी गृहीत धरले होते.

मी त्याला बरोबर घेतले. मोठा उदार होतो असे नव्हे. प्रवास लांबचा, सोबत हवी होती. कोल्हापूरहून नागपूर, नागपूरहून गोंदिया, तिथून छोट्या लाईनच्या गाडीने बालाघाट, आणि मग घाटातून बसने मलाजखंड. दोन दिवसांत तो माझ्याशी जितका बोलला, तितका वर्षभरात बोलला नव्हता.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी खाणीत सुरुंग उडवायच्या आधीचा भोंगा झाला. आम्हा वसाहतीतल्या लोकांना तो भोंगा म्हणजे घड्याळ. हा मुलगा ताटावरून उठला, भिंतीच्या कोपऱ्यात जाऊन बसला आणि डोके गुडघ्यांत घातले. माझी धाकटी बहीण हसली. मीही हसलो, हे कबूल केले पाहिजे. आई मात्र हसली नाही. तिने गॅस बंद केला आणि त्याच्याजवळ जमिनीवर बसली. तिला इंग्रजी येत नव्हते, त्याला मराठी येत नव्हते. ती गडहिंग्लजकडच्या बोलीत "काय झालं बाळा, काय न्हाई, काय न्हाई" एवढेच म्हणत राहिली.

त्या रात्री त्याने मला सांगितले. १९८८ साली त्याच्या शहरावर त्याच्याच देशाच्या विमानांनी बॉम्ब टाकले. विमाने शहराच्याच विमानतळावरून उडत, शहरावर बॉम्ब टाकीत आणि पुन्हा तिथेच उतरत. (हा इतिहास आहे, कोणीही पडताळून पाहावा. त्या वर्षी हर्गेसा जवळजवळ उद्ध्वस्त झाले आणि लाखो लोक इथिओपियात पळाले.) त्याचे आईवडील निर्वासितांच्या छावणीत होते, असे त्याला वाटत होते. नक्की ठाऊक नव्हते. शेवटचे पत्र येऊन आठ महिने झाले होते. आमच्या वसतिगृहात तो वर्षभर ही गोष्ट उराशी धरून राहिला, आणि आम्ही त्याला घमेंडखोर म्हणत होतो.

सुट्टीनंतर आम्ही परतलो. रात्री त्याच्या खोलीत दिवा जळत असे. तो झोपत नसे. त्याला डोकेदुखी असे, पोटदुखी असे. दवाखान्यातून तो गोळ्या आणी. मनाचे दुखणे पुष्कळदा शरीराच्या वाटेने बाहेर पडते, आणि परक्या भाषेत तर 'पोट दुखते' एवढेच सांगणे सोपे असते, हे मला पुढे वाचून कळले. मी एकदा रेक्टरांना सांगितले. ते भले गृहस्थ होते. त्यांनी त्याला बोलावून "अभ्यासात मन गुंतव, सगळे ठीक होईल" असा उपदेश केला. जानेवारी १९९१ मध्ये मोगादिशूतले सरकार कोसळले. ज्या देशाचे पारपत्र त्याच्या खिशात होते, त्याला सरकारच उरले नाही. फेब्रुवारीत एके दिवशी तो बॅग घेऊन मुंबईच्या गाडीत बसला. परीक्षेला दोन महिने होते. मी स्टेशनवर गेलो नाही; माझी चाचणी होती. पुढे त्याचे काय झाले, मला माहीत नाही.

योग्य माणूस भेटला असता तर तो टिकला असता, असा माझा दावा नाही. परंतु त्याला कोणीच भेटले नाही, एवढे मी छातीवर हात ठेवून सांगू शकतो. मी होतो, पण वीस वर्षांचा पोरगा काय करणार? आई होती, पण ती हजार मैलांवर.

आता सहकाऱ्यांच्या प्रश्नाकडे वळतो. वेगळे कशाला?

परदेशातून आलेल्या विद्यार्थ्याकडून आपली यंत्रणा पुष्कळ गोष्टी वेळच्या वेळी मागते. तो वसतिगृहात उतरला की चोवीस तासांच्या आत कळवावे लागते. एकशे ऐंशी दिवसांहून अधिक मुदतीचा व्हिसा असेल तर आल्यापासून चौदा दिवसांत नोंदणी करावी लागते. मुदतवाढीसाठी महाविद्यालयाचे हजेरीचे, प्रगतीचे दाखले लागतात. हे सगळे आवश्यक आहे. देश म्हटला की नोंदी आल्या. पण त्या मुलाच्या दृष्टीने पाहा. ज्या कार्यालयातून त्याच्या हजेरीचा दाखला जातो, त्याच कार्यालयातल्या माणसाला जाऊन तो "सर, मला रात्री झोप येत नाही, महिनाभर मी वर्गात गेलो नाही" असे सांगेल काय? तो घाबरणार. नापास झालो, वेडा ठरलो, तर हे लोक मला परत पाठवतील, अशी त्याची भीती असते. ती खरी की खोटी हा वेगळा प्रश्न. आपल्या मुलाला फार तर वडिलांना बोलावतील अशी धास्ती असते. याला देशच सोडावा लागेल असे वाटते. म्हणून माझे पहिले म्हणणे हे, की परदेशी मुलांचे कागद पाहणारा आणि त्यांचे दुःख ऐकणारा, हे दोघे एक असता कामा नयेत. रेक्टर तर मुळीच नको. मानसिक आरोग्य कायदा २०१७ साली आला, त्यात रुग्णाची माहिती गुप्त राखण्याचा हक्क स्पष्ट लिहिला आहे. आपल्याकडे समुपदेशनाची खोली कार्यालयाच्या शेजारी आणि पार्टिशन प्लायवुडचे! कारकुनाला आतले सगळे ऐकू येते.

नेपाळच्या मुलांबद्दलही एक शब्द. त्यांना भारतात यायला व्हिसा लागत नाही, त्यांचा चेहरामोहरा ईशान्येकडच्या आपल्याच मुलांसारखा, हिंदी येते; म्हणून आपण त्यांना परदेशी मानीत नाही आणि विसरून जातो. वास्तविक २०१९-२० च्या उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय पाहणीत देशात ४९,३४८ परदेशी विद्यार्थी होते, १६८ देशांतून आलेले, आणि त्यांत शेकडा अठ्ठावीस नेपाळचे. राज्यांत पहिला क्रमांक कर्नाटकाचा. म्हणजे हा प्रश्न पुण्या-मुंबईचा आहे, आपला नव्हे, असे म्हणून चालणार नाही. बेळगावात वैद्यकीय शिक्षणासाठी मलेशियाची मुले येतात, हे तर आपण सर्व जाणतोच.

आपण मराठी माणसे परदेशी शिकायला गेलेल्यांची चरित्रे मोठ्या अभिमानाने वाचतो. आनंदीबाई जोशी १८८३ साली, अठराव्या वर्षी, कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयातून १८८६ साली पदवीधर झाल्या. परंतु न्यू यॉर्कला त्यांना उतरवून घ्यायला कोण आले होते? थिओडिशिया कार्पेंटर नावाची न्यू जर्सीची एक गृहिणी. दंतवैद्याकडे नंबर यायची वाट पाहत असताना तिने एका मासिकात गोपाळरावांचा पत्रव्यवहार वाचला आणि आपण होऊन पत्र पाठवले. आनंदीबाई तिला मावशी म्हणत. त्या तिच्या घरी राहिल्या, तिथून कॉलेजला गेल्या. तरीही थंडी, परके अन्न आणि क्षयाने त्यांना गाठलेच. १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यात त्या गेल्या. त्यांच्या अस्थी गोपाळरावांनी कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या आणि त्या कुटुंबाच्या दफनभूमीत त्यांना जागा मिळाली. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथल्या वसतिगृहात त्यांना नवल भथेना हा पारशी सोबती भेटला आणि तो आयुष्यभराचा मित्र झाला. आपल्या माणसांना तिकडे मावशी आणि मित्र मिळाले, याचे आपल्याला कौतुक. आपल्या गावात आलेल्या परक्या पोराची मावशी कोण, हे मात्र आपण विचारीत नाही.

आणि विचारणारा एक मनुष्य आपल्याच भागातला होता, हे किती जणांना ठाऊक आहे? डॉ. शां. ब. मुजुमदार मूळचे गडहिंग्लजचे. फर्ग्युसन महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक आणि वसतिगृहाचे रेक्टर. त्यांनी स्वतः अनेकदा सांगितलेली हकीकत अशी, की वसतिगृहात एक मुलगी रोज एका खिडकीतून आत काहीतरी देताना त्यांना दिसली. रेक्टरच्या मनात जो संशय यायचा तो आला. चौकशी केली तेव्हा कळले की आत मॉरिशसचा एक विद्यार्थी काविळीने अंथरुणाला खिळला आहे, आणि ती त्याच्याच देशाची मुलगी त्याला जेवण आणून देते आहे. त्या खिडकीतून १९७१ साली 'सिंबायोसिस' निघाली. नावही वनस्पतिशास्त्रातले, सहजीवन या अर्थाचे. आज ते मोठे विद्यापीठ आहे; त्याच्या फीबद्दल आणि थाटाबद्दल ज्याला जे म्हणायचे ते म्हणो. मला त्या गोष्टीत महत्त्वाचे वाटते ते हे, की रेक्टरने नोटीस काढण्याआधी चौकशी केली.

तरीपण केवळ आपुलकीने भागते, असे मी म्हणणार नाही. आमच्याकडे आपुलकीचा फार बोलबाला आहे. 'आमच्याकडे सगळे घरच्यासारखे' असे म्हणून आपण पुष्कळ जबाबदाऱ्या टाळतो. माझ्या आईने त्या मुलाला दहा दिवस जेवू घातले आणि धीर दिला, पण त्याची झोप तिला परत आणता आली नाही. ते शिकलेल्या माणसाचे काम आहे. साधी घरची ओढ कुठली आणि आजार कुठला, हे ओळखता आले पाहिजे. कालेर्व्हो ओबर्ग या मानववंशशास्त्रज्ञाने १९६० साली परक्या संस्कृतीत गेलेल्या माणसाच्या धक्क्यावर लिहिले. आधी सगळे नवे म्हणून छान वाटते, मग चीड येते, यजमानांचा तिटकारा येतो, आणि हळूहळू माणूस सावरतो. बहुतेक मुले अशी सावरतात; त्यांना थोडी सोबत पुरते. पण युद्धातून आलेला, घरी काय चालले आहे हे न कळणारा मुलगा या वाटेने जात नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल तालिबानच्या हाती पडले तेव्हा पुण्यात अफगाण विद्यार्थी शिकत होते. त्यांना 'सगळे ठीक होईल' असे सांगणाऱ्याला त्यांनी काय उत्तर द्यावे?

भाषेचा प्रश्न तर आपल्याला सांगायला नको. सरकारची टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे आणि अनेक भारतीय भाषांत बोलता येते. मराठीत येते, कन्नडमध्ये येते. फार चांगली सोय आहे, आपल्या मुलांनी तो क्रमांक पाठ करावा. पण सोमाली किंवा दारी बोलणाऱ्याने काय करावे? इंग्रजीत परीक्षा देता येते. इंग्रजीत रडता येतेच असे नाही. त्यासाठी त्याच्या भाषेतला माणूस फोनवर मिळवून देणे, पुण्यातल्या किंवा बंगळूरच्या त्याच्या देशबांधवांशी गाठ घालून देणे, हे समुपदेशकाच्या कामातच धरले पाहिजे.

एक आक्षेप मी टाळणार नाही. आपली खेड्यातली मुले, पहिल्या पिढीची, फीसाठी वणवण करणारी. त्यांच्याकडे पाहायला माणूस नाही आणि परदेशी मुलांचे लाड कशाला? या आक्षेपात दम आहे. पण मला असा अनुभव आहे की परक्या मुलासाठी जे करावे लागते, ते केल्यावर त्याचा उपयोग आपल्याही मुलांना होतो. सुट्टीत मेस चालू ठेवली तर ज्याला आई-बाप नाहीत तोही जेवतो. प्लायवुडच्या जागी भिंत घातली तर आपली मुलगीही आत जाऊन बोलते. मी मलाजखंडहून आलो तेव्हा वर्गातली मुले माझ्या हिंदी वळणाच्या मराठीला हसत. कन्नड विभागातल्या मुलांशी तर मी दोन वर्षे बोललोच नाही. आपले हे वार्षिकच घ्या. अर्धे मराठी, अर्धे कन्नड; मधोमध जाहिराती. किती मराठी वाचक ते पान उलटून पलीकडे जातात? एकाच बाकावर बसणाऱ्यांची ही कथा, तर हर्गेसाच्या मुलाची काय असेल!

कन्नड मित्र भेटला की "ऊटा आय्ता?" म्हणतो, आपण "जेवलास का?" म्हणतो. दोन्ही भाषांत हे विचारायची पद्धत आहे. गंमत म्हणजे आमच्या कार्यालयात परदेशी विद्यार्थ्यासाठी इतके फॉर्म आहेत, त्यांत एवढाच प्रश्न नाही.

आई आता पंचाहत्तरीची आहे. काल तिला विचारले, तो मुलगा आठवतो का. म्हणाली, "न आठवायला काय झालं? रात्री अंगणात फेऱ्या घालायचा. तू झोपलेला असायचास." मग थोड्या वेळाने, "तुला तवाच सांगणार होते, पण म्हटलं तुझी परीक्षा." म्हणजे ती मला सांगायची थांबली आणि मी कोणाला सांगायचा थांबलो.

सत्र सुरू झाले की प्राचार्यांना द्यायचा अर्ज मी येथेच लिहून ठेवला आहे. त्यात तीन मागण्या आहेत: समुपदेशकाची खोली कार्यालयापासून दूर, ग्रंथालयाच्या मागे, परदेशी मुलांचे कागद पाहणाऱ्याकडे त्या खोलीची किल्ली नसावी, आणि दिवाळी व मे महिन्यात एक आचारी कामावर ठेवावा. आचाऱ्याचा पगार मंजूर होईपर्यंत गावातल्या काही घरांची यादी सोबत जोडली आहे, जिथे सुट्टीत एखादा मुलगा राहू शकेल. पहिले नाव माझ्याच घराचे घातले आहे. पत्नीला अद्याप विचारलेले नाही.